अणूच्या चुलीतले कोळसे

ज्यांचे बालपण सरपणाच्या चुलीजवळ गेले आहे त्यांना हे मुद्दाम सांगावयास नको, की त्या चुलीतून काहीही फुकट जात नसे. पुढच्या तोंडावर भाकरी भाजली जाई आणि तिचीच उरलेली धग वैलावरच्या आमटीला पुरे. स्वयंपाक उरकला की घरातली बाई अर्धवट जळलेली लाकडे बाहेर ओढी आणि त्यांवर पाण्याचा हबका मारी. ते विझलेले कोळसे पोत्यात भरून माळ्यावर जात आणि पावसाळ्यात सरपण ओले झाले म्हणजे शेगडीत कामाला येत. आतल्या निखाऱ्यांवर रात्रीचे दूध तापे. राहिलेली राख भांडी घासायला, राखुंडी करायला आणि कडधान्याला कीड लागू नये म्हणून त्यात मिसळायला. त्यातूनही उरली तर ती उकिरड्यावर जाई आणि पुढल्या साली खत होऊन शेतात पोचे.

पुढे घरात गॅस आला, वीज आली आणि राखेचा प्रश्न घरातून नाहीसा झाला. जगातून मात्र तो नाहीसा झालेला नाही. आपण भिंतीवरचे बटण दाबतो तेव्हा दूर कुठेतरी कोणाची तरी चूल पेटलेली असते. कोयनेची वीज पाण्याची, चंद्रपूरची कोळशाची, आणि पालघर जिल्ह्यातल्या तारापूरची अणूची. यंदाच्या दिवाळीत आपण गच्चीवर माळा लावू, त्यात थोडा वाटा तारापूरचाही असेल. त्या चुलीत काय जळते, कितपत जळते आणि जळून झाल्यावर उरलेल्याचे काय करतात, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण त्या चुलीची राख तिच्यावर स्वयंपाक केलेल्या पिढीपेक्षा फार जास्त काळ टिकते.

शिराळ्यातील दोन प्रश्न

मी मूळचा शिराळ्याचा. पोटापाण्यासाठी मुंबईस आलो आणि विज्ञान शिकविण्यात उभी हयात गेली. गेल्या श्रावणात गावी गेलो असता तेथील मंडळींनी ‘अणूची वीज’ या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले. नागपंचमी होऊन आठवडा झाला होता, भातखाचरांत पाणी उभे होते, आणि पाऊस असूनही माणसे बरीच जमली होती. अणूचा गाभा, न्यूट्रॉन, साखळी प्रक्रिया असे सगळे मी आपल्या परीने सोपे करून सांगितले. व्याख्यान संपल्यावर शाळेतली मुले प्रश्न विचारतील अशी माझी अटकळ होती. पण पहिला प्रश्न आला तो बायकांच्या बाजूने. नात्याने मला चुलती लागणारी एक वृद्धा उठून म्हणाली,

“बाळा, एवढी मोठी चूल रातंदिस पेटती म्हंतूस, तर तिची राख कोन काढतं? आन् टाकतं कुठं?”

त्याचे उत्तर मी देतो आहे तोच मागच्या रांगेतून एक पिकल्या मिशांचे गृहस्थ उभे राहिले. शिराळ्याची नागपंचमी सर्वांना ठाऊक आहे. वन्यजीवांचा कायदा झाला आणि पुढे उच्च न्यायालयाचे आदेश आले, त्यांमुळे जिवंत नागांच्या मिरवणुकीची जुनी पद्धत आता राहिलेली नाही. पण ती ज्यांनी पाहिली आणि केली ते लोक अद्याप गावात आहेत. हे गृहस्थ त्यांपैकीच. ते म्हणाले,

“सायेब, आमी नाग धरायचो. मडक्यात ठेवायचो, पूजा करायचो, आन् जितनं आणला तितं नेऊन सोडायचो. तुमी ह्यो नाग धरलाय खरा, सोडनार कुठं?”

अणुशक्तीवर मी पुष्कळ ग्रंथ वाचले आहेत. पण या विषयाचे मर्म या दोन प्रश्नांइतके थोडक्यात सांगितलेले मला फारसे आढळलेले नाही. चुलतीचा प्रश्न काटकसरीचा आहे आणि त्या गृहस्थांचा जबाबदारीचा. दोन्हींची उत्तरे त्या दिवशी जमली नाहीत इतक्या सविस्तर येथे देतो.

जुडीभर इंधन, पाचशे वर्षांची वीज

प्रथम सरपण पाहू. आपल्या देशातल्या बहुतेक अणुभट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात. युरेनियमच्या भुकटीच्या खडूच्या तुकड्याएवढ्या वड्या करतात, त्या भाजून टणक करतात आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या बारीक नळ्यांत भरतात. अशा नळ्या एकत्र बांधून जुडी तयार होते. हे काम हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये होते. २२० मेगावॅटच्या भट्टीतली जुडी एकोणीस नळ्यांची, लांबी सुमारे अर्धा मीटर. लहान मूल मांडीवर घ्यावे तशी ती नवी असताना हातात उचलून घेता येते. तिच्यात युरेनियम असते ते तेरा-चौदा किलो.

एवढ्याशा सरपणातून ढोबळ हिशेबाने सहा लाख युनिट वीज निघते. महिना शंभर युनिट वापरणारे घर त्यावर पाचशे वर्षे चालेल! अणूचे कौतुक करणारे लोक येथे थांबतात. पण आता जुडीच्या आत काय झाले ते पाहा.

नैसर्गिक युरेनियमच्या हजार किलोंत सहज फुटणारे युरेनियम-२३५ असते अवघे सात किलो. बाकी सगळे युरेनियम-२३८, ते असे सहजासहजी पेटत नाही. जुडी भट्टीतून बाहेर येते तेव्हा हजार किलोंमागे सात-आठ किलोच काय ते जळालेले असते. उरलेले सुमारे नऊशे नव्वद किलो युरेनियम जसेच्या तसे! आणि या जाळात एक नवेच द्रव्य तयार झालेले असते. युरेनियम-२३८ च्या काही अणूंनी न्यूट्रॉन गिळून प्लुटोनियमचे रूप घेतलेले असते. हजार किलोंमागे ते साडेतीन-चार किलो भरते, आणि तेही उत्तम सरपण आहे.

म्हणजे ज्याला आपण ‘वापरलेले इंधन’ म्हणतो ते राख नव्हे. ते चुलीबाहेर ओढलेले, टोकाशी जेमतेम जळालेले लाकूड आहे. चुलतीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आले.

जाळ सारखा लावण्याची विद्या

मग ते पुरते जळेपर्यंत आतच का ठेवीत नाहीत? कारण सरळ आहे. अणू फुटून जे तुकडे होतात त्यांतले काही न्यूट्रॉन खाऊन टाकतात. निखाऱ्यावर राख साचली की जसा तो मंदावतो, तशी भट्टी मंदावते. शिवाय तीव्र उष्णता आणि किरणांचा मारा सोसून नळ्यांचे कवचही थकते. तेव्हा जुडी वेळेवर काढावी लागते. लवकर काढली तर सरपण वाया गेले, उशिरा काढली तर कवच फुटण्याची भीती. भाकरी तव्यावर किती ठेवावी हे जसे सुगरणीला कळावे लागते, तसेच हे आहे.

तारापूरला या विद्येच्या दोन तऱ्हा शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. तेथील पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारलेल्या. २८ ऑक्टोबर १९६९ पासून त्यांनी व्यापारी तत्त्वावर वीज देण्यास आरंभ केला. आशियातल्या अणुविजेच्या इतिहासात त्यांचे स्थान अगदी आरंभीचे आहे. त्यांना किंचित समृद्ध केलेले युरेनियम लागते, म्हणजे युरेनियम-२३५ चा अंश वाढविलेले. इंधन बदलावयाचे तर भट्टी बंद करून झाकण उघडावे लागते. त्या वेळी फार जळालेल्या जुड्या काढतात, अर्धवट जळालेल्या दुसऱ्या जागी सरकवतात आणि नव्या घालतात. भट्टीच्या मध्यभागी जाळ तीव्र असतो आणि कडेला मंद. तव्यावरची भाकरी फिरवीत राहिल्याशिवाय ती सारखी भाजत नाही, त्याचाच हा मोठा अवतार.

तिसरी आणि चौथी भट्टी भारतीयांनी आखलेली, प्रत्येकी ५४० मेगावॅटची. चौथी २००५ मध्ये आणि तिसरी २००६ मध्ये वीज देऊ लागली. यांना जड पाणी आणि नैसर्गिक युरेनियम लागते. येथे तर भट्टी चालू असतानाच इंधन बदलतात. ३९२ आडव्या नळ्या, त्यांत एकापुढे एक सारलेल्या जुड्या, आणि नळीच्या दोन्ही टोकांना येऊन चिकटणारी दोन यंत्रे. एका टोकाने नवी जुडी आत ढकलली की दुसऱ्या टोकाने जुनी बाहेर पडते. चुलीत लाकूड पुढे सारीत राहावे तसे हे काम नित्य चालते. कोणत्या नळीची पाळी केव्हा आली हे ठरविण्यासाठी गणकयंत्रावर सतत हिशेब चालू असतो.

नवी भट्टी पहिल्यांदा पेटविताना सगळेच सरपण ताजे असते आणि मध्यभागी भडका जास्त होतो. गुजरातमधल्या काक्रापार येथे १९९०-९५ च्या सुमारास आपल्या अभियंत्यांनी यावर एक युक्ती केली. ताज्या युरेनियमबरोबर थोरियमच्या काही जुड्या नेमक्या जागी ठेवल्या. थोरियम स्वतः पेटत नाही, पण न्यूट्रॉन शोषून घेते. जाळ सारखा झाला, आणि थोरियमपासून पुढे उपयोगी पडणारे युरेनियम-२३३ थोडेसे तयार झाले ते वेगळेच.

ही काटकसर म्हणजे नुसती हौस नव्हे. आपल्या भूमीत युरेनियम थोडे आणि तेही हलक्या प्रतीचे. २००७-०८ च्या सुमारास देशी युरेनियमचा तुटवडा पडला, तेव्हा आपल्या कित्येक भट्ट्या निम्म्या-शिम्म्या ताकदीने चालवाव्या लागल्या होत्या. घरात जळण बेताचे असले म्हणजे गृहिणी फुंकणीही जपून फुंकते.

शेजाऱ्याचे सरपण

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांची कथा याहूनही बोधप्रद आहे. त्यांचे समृद्ध युरेनियम अमेरिकेहून यावयाचे, असा करार १९६३ मध्ये झाला, मुदत तीस वर्षांची. त्यात अशी तरतूद होती की, जळालेल्या इंधनातून प्लुटोनियम काढावयाचे असेल तर त्याविषयी दोन्ही देशांचे एकमत झाले पाहिजे. म्हणजे शेजारणीने सरपण दिले, पण उरलेल्या कोळशांनाही तिला विचारल्याशिवाय हात लावावयाचा नाही!

१९७४ च्या मे महिन्यात पोखरणला अणुस्फोट झाला आणि शेजारीण रुसली. १९७८ मध्ये अमेरिकेने कडक कायदा केला, इंधनाच्या खेपा लांबू लागल्या. १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी पाठविलेली खेप सिनेटात अवघ्या दोन मतांच्या फरकाने सुटली. अखेर १९८२ मध्ये तडजोड होऊन हे काम फ्रान्सकडे गेले. १९९३ मध्ये करार संपला. पुढे चीन आणि रशिया यांच्याकडूनही इंधन आले. मधल्या काळात आपल्या शास्त्रज्ञांनी स्वतः काढलेले प्लुटोनियम युरेनियममध्ये मिसळून मिश्र इंधनाच्या काही जुड्या बनविल्या आणि १९९४ पासून त्या तारापूरच्या भट्टीत चालवून पाहिल्या. जुन्या कोळशांवर चूल पेटविण्याचाच तो प्रयोग होता.

पण या सगळ्या वर्षांत जळालेल्या जुड्या जाणार कुठे? अमेरिका त्या परत नेईना आणि त्यांवर प्रक्रिया करू देईना. त्या तारापूरलाच पाण्याच्या कुंडात साचत गेल्या. कुंडातल्या मांडण्या अधिक दाटीने लावाव्या लागल्या आणि पुढे भट्टीपासून वेगळे असे दुसरे साठवणघर बांधावे लागले. अमेरिकेतून आलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करण्यासंबंधी दोन देशांत रीतसर व्यवस्था ठरली ती २०१० मध्ये, म्हणजे पहिल्या करारानंतर सत्तेचाळीस वर्षांनी. राख काढण्याचा विचार चूल मांडण्यापूर्वी केला नाही म्हणजे काय होते, याचे हे आपल्या घरचेच उदाहरण आहे.

या दोन भट्ट्या २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी बंद ठेवण्यात आल्या. वीज थांबली, पण कुंडातल्या जुड्यांची राखण थांबवता आली नाही. ते काम भट्टी चालू असो वा नसो, करावेच लागते.

पाण्याचा हबका

कोळशावर हबका मारला की तो क्षणात विझतो. अणूचा कोळसा असा विझत नाही. साखळी प्रक्रिया थांबविली तरी फुटलेल्या अणूंचे तुकडे स्वतःहून किरण टाकीत राहतात आणि तापतात. भट्टी बंद केल्याच्या क्षणी तिच्या पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता तशीच चालू असते. दिवसभरात ती अर्ध्या टक्क्याच्या घरात येते आणि पुढे हळूहळू उतरत जाते. टक्के लहान दिसतात, पण ५४० मेगावॅट विजेच्या भट्टीत आरंभीची ही ‘उरलेली’ धग शंभर मेगावॅटहून जास्त भरते.

म्हणून बाहेर आलेली जुडी माणसाच्या हाताला कधीच लागत नाही. ती पाण्याखालूनच खोल कुंडात जाते आणि तेथे काही वर्षे राहते. पाणी तिला थंड ठेवते आणि तिचे किरणही अडविते. वर काही मीटर पाणी असले म्हणजे काठावर उभा राहिलेला कर्मचारी सुरक्षित असतो. कुंडाच्या तळाशी निळसर उजेड दिसतो. त्याचे कारण रशियन शास्त्रज्ञ चेरेंकोव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी उलगडले आणि १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळविले. उजेड मोठा मोहक, पण तो पाहून भुलावयाचे नाही.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या फुकुशिमा येथे हेच दिसून आले. भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप थांबल्या होत्या. पण मागून आलेल्या समुद्राच्या लाटांनी वीज आणि जनित्रे निकामी केली, पाणी फिरेनासे झाले आणि उरलेल्या धगीनेच तीन भट्ट्यांचे गाभे वितळले. चौथ्या भट्टीच्या कुंडातले पाणी आटले की काय, या चिंतेत जगाने कित्येक दिवस काढले. ते कुंड शाबूत निघाले हे सुदैव. फुकुशिमाच्या त्या भट्ट्या आणि तारापूरच्या पहिल्या दोन एकाच घराण्यातल्या, म्हणून आपल्याकडेही त्यानंतर पाण्याच्या आणि विजेच्या पर्यायी सोयींची फेरतपासणी झाली.

कोळसे वेचणे

काही वर्षांनी धग उतरली की पुढला प्रश्न : कोळसे वेचायचे, की राखेसकट पुरून टाकायचे? जगात याविषयी एकमत नाही. अमेरिकेने १९७७ मध्ये व्यापारी पुनर्प्रक्रियेवर पडदा टाकला. फिनलंडने जळालेले इंधन जसेच्या तसे पुरण्यासाठी चारशेहून अधिक मीटर खोल खडकात भुयारे खोदली आहेत. फ्रान्स कोळसे वेचतो. भारतानेही पहिल्यापासून वेचण्याचा मार्ग धरला.

हा मार्ग डॉ. होमी भाभा यांनी आखला. १९५६ मध्ये तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही पहिली अणुभट्टी चालू झाली आणि १९६४ मध्ये तेथेच जळालेल्या इंधनातून प्लुटोनियम काढणारा कारखाना तयार झाला. वीज देणारी एकही अणुभट्टी नसताना कोळसे वेचण्याचे कसब हस्तगत करून ठेवणे, ही दूरदृष्टी खरीच. भाभांचा हिशेब तीन पायऱ्यांचा होता. पहिल्या पायरीवर नैसर्गिक युरेनियम जाळावे. दुसरीवर त्यातून निघालेले प्लुटोनियम अशा भट्टीत घालावे, की जळते त्याहून अधिक नवे इंधन तीच निर्माण करील. आणि तिसरीवर केरळच्या वाळूत विपुल असलेले थोरियम कामाला लावावे.

कोळसे वेचण्याचे काम मात्र चिमट्याने होत नाही. जाड भिंतींआड, काचेच्या जाड खिडकीतून पाहत, यंत्राच्या हातांनी जुड्यांचे तुकडे करतात. ते नत्राम्लात विरघळवितात. मग तेलासारख्या द्रावकाने युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे काढतात आणि खरी राख अम्लात मागे राहते. तारापूरला हे काम १९७० च्या दशकापासून होत आले आहे. ७ जानेवारी २०११ रोजी तेथे वर्षाला शंभर टन क्षमतेच्या आणखी एका कारखान्याचे उद्घाटन झाले.

चित्र जितके देखणे दिसते तितके ते सोपे नाही, हेही सांगितले पाहिजे. पुनर्प्रक्रिया महागडी आहे. वेगळ्या काढलेल्या प्लुटोनियमचा बाँबही होतो. १९७४ च्या स्फोटातले प्लुटोनियम तुर्भ्याच्याच कारखान्यातले होते, आणि जगाची भीती तेथूनच सुरू होते. शिवाय दुसरी पायरी फार रेंगाळली. कल्पाक्कमची लहान प्रायोगिक भट्टी १९८५ मध्ये पेटली, पण ५०० मेगावॅटच्या मोठ्या भट्टीचे बांधकाम २००४ मध्ये सुरू होऊन तिचा गाभा भरण्याचा शुभारंभ व्हायला २०२४ चा मार्च उजाडला. शेगडी तयार नाही तोवर कोळशाची पोती माळ्यावरच राहणार. काटकसर ही साठवून ठेवण्यात नसते, वेळेवर वापरण्यात असते, हे आपल्या आयाबायांना पक्के ठाऊक होते.

खरी राख

आता राहिली खरी राख. तीतूनही काही उचलता येते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी या राखेतले सीझियम-१३७ वेगळे काढून काचेत बांधले. रुग्णाला देण्यापूर्वी रक्तावर किरणांचा संस्कार करणाऱ्या यंत्रांत त्या काचेच्या कांड्या वापरतात. रुथेनियम-१०६ च्या लहानशा चकत्या डोळ्यांच्या कर्करोगावर उपयोगी पडतात. राखुंडीने दात घासणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे नक्कीच आवडले असते.

बाकीची राख द्रवरूपात ठेवणे धोक्याचे, म्हणून ती काचेच्या रसात मिसळून पोलादी डब्यांत ओततात. थंड झाली की ती काचेचाच भाग होते, पाण्यात विरघळत नाही. तारापूरला असे डबे जमिनीखालच्या काँक्रीटच्या कोठ्यांत ठेवतात आणि वाहत्या हवेने थंड राखतात.

किती दिवस? सीझियम आणि स्ट्रॉन्शियम यांचे बळ सुमारे तीस वर्षांत निम्मे होते, पुढच्या तीस वर्षांत त्याच्याही निम्मे. असे दहा वेळा, म्हणजे तीनशे वर्षे झाली की हजारातला एक भाग उरतो. प्लुटोनियमला निम्मे व्हायला मात्र चोवीस हजार वर्षे लागतात. कोळसे नीट वेचून वापरले तर राखणीचा काळ पुष्कळ कमी होतो, ही पुनर्प्रक्रियेच्या बाजूची सर्वांत मोठी गोष्ट. पण वेचलेले जाळलेच नाही, तर ती गोष्ट कागदावरच राहते.

तीनशे वर्षे म्हणजे किती? समर्थांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक आमच्या शिराळ्यात आहे, सतराव्या शतकाच्या मध्यावरचा. तेव्हापासून राज्ये आली आणि गेली. छत्रपती, पेशवे, इंग्रज, मग स्वराज्य. पण मारुतीपुढचा दिवा लावणारे कोणी ना कोणी गावाला मिळत गेले. तीनशे वर्षांची राखण माणसाच्या आवाक्याबाहेरची नाही, असे यावरून मी समजतो. पण तो दिवा टिकला कारण गावाला तो आपला वाटला आणि कोणाची पाळी आहे हे ठाऊक होते. चोवीस हजार वर्षांपूर्वी तर शेतीच नव्हती. तेवढ्या काळासाठी खोल खडकाशिवाय दुसरा राखणदार कोणी सुचवू शकलेला नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९८० च्या दशकात आपण त्या दृष्टीने खडक तापवून पाहण्याचे प्रयोग केले होते. कायमचे भांडार मात्र भारतात अद्याप नाही.

नाग सोडायचा कुठे?

तेव्हा पिकल्या मिशांच्या त्या गृहस्थांना खरे उत्तर असे : हा नाग सोडता येणार नाही. ज्याने तो धरला त्याने, त्याच्या मुलाने आणि नातवाने मडके सांभाळावयाचे. म्हणून तो धरूच नये काय? कोळशाच्या धुराने आणि तापत चाललेल्या हवेनेही आपल्याच नातवंडांचे नुकसान होते, आणि ती राख तर कोठे कोंडताच येत नाही. धरणाची वीज स्वच्छ खरी, पण तिची किंमत काय असते हे वारणेवरच्या चांदोली धरणासाठी घरदार सोडलेल्या आमच्या तालुक्यातल्या माणसांना विचारावे. तारापूरच्या नव्या भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली, त्यांनाही विचारावे. सगळ्याच चुलींना राख असते. प्रश्न एवढाच, की ती कोणाच्या दारात पडते आणि तिची नोंद कोण ठेवतो.

आज हा प्रश्न पूर्वीपेक्षा निकडीचा झाला आहे. देशाची अणुविजेची क्षमता आज आठ-नऊ हजार मेगावॅटच्या घरात आहे. ती २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅटवर न्यावी असे उद्दिष्ट सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नवा कायदा होऊन या क्षेत्रात खाजगी कंपन्यांनाही वाट मोकळी झाली. चुली दसपटीहून वाढणार, तर राखही वाढणार. कंपन्या स्थापन होतात आणि बंदही पडतात, सरकारे पाच वर्षांनी बदलतात. तीनशे वर्षांची पाळी कोणाकडे आणि त्याचा पैसा कोणत्या पेटीत, हे चूल मांडतानाच लिहून ठेवले पाहिजे. तारापूरच्या कुंडात वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या जुड्यांनी एवढा धडा आपल्याला दिलाच आहे.

हे काम शास्त्रज्ञांचे, आपण त्यात काय बोलावे, असे पुष्कळांना वाटते. जाळ कसा सारखा लावावा हे शास्त्रज्ञांनीच ठरवावे, तेथे आपली लुडबूड नको. पण घरात काय साठवावे, किती दिवस साठवावे आणि कोणाच्या माथी मारावे, हा संसाराचा प्रश्न आहे आणि तो विचारण्याचा अधिकार प्रत्येक कुटुंबाला आहे. नवे अणुवीज केंद्र येणार असे वर्तमानपत्रात वाचले की किती मेगावॅट, किती कोटी, एवढेच पाहून पान उलटू नये. राखेची सोय काय केली आहे, हेही त्याच बैठकीत विचारावे.

आपली दिवाळी काही पणत्यांनी सुरू होत नाही. ती सुरू होते त्याआधी आठ-पंधरा दिवस, केरसुणी आणि जळमटाची काठी हातात घेऊन. माळे झाडल्याशिवाय, अडगळीचा हिशेब लागल्याशिवाय घरची वडीलधारी बाई अंगणात दिवा लावू देत नाही. देशाच्या अंगणात नवे दिवे लागू घातले आहेत. तेथेही माळे झाडून घेण्याचे काम आधी व्हावे.